ग्रंथपालाला शिकवा, विश्वस्तांनाही शिकवा : ग्रंथालय संचालनालयाला आणि कार्यकारी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
मा. ग्रंथालय संचालक, महाराष्ट्र राज्य, मुंबई
आणि
राज्यातल्या शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

मराठवाड्यातल्या एका बाजाराच्या गावात, ब वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी तेवीस वर्षं ग्रंथपाल आहे. (शासन सार्वजनिक ग्रंथालयांना अ ते ड असे वर्ग देतं आणि त्यावर अनुदान ठरतं; ड सगळ्यांत लहान.) आमच्या वाचनकक्षात खिडकीजवळच्या खुर्चीवर एक निवृत्त गुरुजी रोज साडेदहाला येऊन बसायचे. मधुमेहाने त्यांची नजर गेली होती. शेजारी जो कोणी पोलीस भरतीचा नाहीतर तलाठी भरतीचा अभ्यास करत असेल त्याला ते म्हणायचे, ‘बाळा, नुसते मथळे वाच.’ पोरं वाचून दाखवायची. पण मथळ्यांवर वाचणाऱ्या माणसाचं भागत नाही, आणि दुसऱ्याच्या लेकराचा वेळ किती खायचा याचा गुरुजींना संकोच वाटे. एकदा माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी विचारलं, ‘बाई, आंधळ्यांसाठी ऐकायची पुस्तकं निघतात म्हणे. आपल्याकडे मागवता येतील का?’ मी म्हणाले, ‘गुरुजी, ते सगळं मोठ्या शहरात. आपल्याकडे नाही येत.’

माझं उत्तर चुकलं होतं. दृष्टिहीन वाचकांसाठीचं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्येच सुरू झालेलं होतं. त्याआधी २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात तरतूद आली होती की ज्याला छापील पुस्तक वाचता येत नाही त्याच्यासाठी, नफा न कमावता, त्या पुस्तकाचं ऐकता-वाचता येईल असं रूप तयार करता येतं. आणि २०१४ मध्ये याच विषयावरचा मराकेश करार जगात सगळ्यांत आधी मंजूर केला तो भारताने. देशाने एवढं केलं आणि ते माझ्या टेबलापर्यंत पोहोचलं नाही. गुरुजी परत खिडकीशी जाऊन बसले.

हे सगळं मला चार वर्षांनी कळलं. रात्री भाकरी-भाजी आवरून मोबाइलवर ग्रंथपालांसाठीचं एक मोफत व्याख्यान ऐकत होते, त्यात. तोपर्यंत गुरुजी मुलीकडे राहायला गेले होते. सकाळी उठल्या उठल्या मी त्यांना फोन लावला, मोठ्या आनंदाने सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘बाई, जरा मोठ्याने बोला. आता कानही साथ देत नाहीत.’

त्या फोनपासून हे पत्र माझ्या मनात आहे. माझी मागणी सरळ आहे. राज्यातल्या ग्रंथालय सेवकांसाठी आणि विश्वस्तांसाठी विनामूल्य, ऑनलाइन, मराठीतलं प्रशिक्षण संचालनालयाने कायमस्वरूपी सुरू करावं. एखाद्या पंधरवड्यापुरतं किंवा एखाद्या योजनेच्या नावापुरतं नको, कायमचं. आणि विश्वस्तांनी ते वर्षातून किमान दोन तास घ्यावं.

आधी आमच्याविषयी, म्हणजे सेवकांविषयी बोलते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन ग्रंथालय संघाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग केला. त्या वर्गाचं ऋण मी आजही मानते. दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक नोंदवतात त्या वहीत, खाडाखोड का करायची नाही, विषयावरून पुस्तकाला क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, कपाटं-खुर्च्यांसारख्या सामानाची जडसंग्रह वही आणि दाखल नोंदवही यांत फरक काय, वाचक पुस्तक मागतो तेव्हा त्याला नेमकं काय हवं आहे ते कसं काढून घ्यायचं, हे सगळं तिथे कळलं. पण त्यानंतर वीस वर्षांत माझं टेबल पार बदललं. कार्डांच्या तालिकेच्या जागी संगणक आला. कादंबरी मागणारे हात कमी झाले आणि ‘मॅडम, ऑनलाइन फॉर्म भरून द्याल का?’ असं विचारणारे वाढले. दुपारी येणाऱ्या बायका आता कथा ऐकायला मागतात, मोबाइलवर. लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवायची म्हटलं तर त्यांच्याकडे पुस्तक कसं धरायचं, हेसुद्धा मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिली पाच-सहा वर्षं मी पुस्तक स्वतःकडे धरून वाचत होते आणि पोरं चुळबुळ का करतात ते मला उमजत नव्हतं.

या काळात कार्यशाळा झाल्या नाहीत असं नाही. एका कार्यशाळेचा दिवस सांगते. पहाटे सव्वापाचची एसटी, बासष्ट किलोमीटर, एक गाडी बदलून. ग्रंथालयाच्या दाराला मी आदल्या रात्रीच खडूने लिहिलेला फळा अडकवला होता: ‘प्रशिक्षणासाठी आज बंद’. सभागृहात पोहोचले तर दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, मनोगतं यांत साडेबारा वाजले. मग संगणकीकरणावर एका तज्ज्ञांनी पाऊण तास पडद्यावर इंग्रजी मजकूर दाखवला. माझ्या शेजारी ड वर्गाच्या ग्रंथालयातला एक मुलगा बसला होता. तो वहीत प्रत्येक इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत उतरवून घेत होता, घरी गेल्यावर कुणाला तरी विचारू म्हणून. त्याच्या गावच्या ग्रंथालयात तेव्हा संगणकच नव्हता. जेवणानंतर तो म्हणाला, ‘ताई, परतीची शेवटची गाडी साडेतीनला आहे,’ आणि प्रमाणपत्र न घेताच गेला. त्या दिवशी त्याचे प्रवासाचे दोनशेच्या वर रुपये गेले असतील. त्याला महिन्याला मिळत होते त्यातून.

त्याला किती मिळत होते, हे संचालनालयाला मी सांगायला नको, पण ज्या वाचकांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली. तिचं आम्ही मनापासून स्वागत केलं, कारण त्याआधी दहा वर्षं आकडा हलला नव्हता. त्या वाढीनंतरही ड वर्गाच्या ग्रंथालयाचं वर्षाचं अनुदान ४८ हजार रुपये झालं. त्यातला निम्मा भाग वेतनावर, निम्मा वेतनेतर. म्हणजे ग्रंथपालाच्या हाती महिन्याला २ हजार. या माणसाला आपण सांगतो की स्वतःच्या खर्चाने जिल्ह्याच्या गावी ये आणि शिकून जा. मोफत आणि घरबसल्या प्रशिक्षणाची गरज इथून सुरू होते. मोठ्या शहरातल्या अ वर्गाच्या ग्रंथालयाला ती सोय वाटेल. ड वर्गाच्या माणसाला दुसरा मार्गच नाही.

इथे मला आपल्याच सहकाऱ्यांचा एक आक्षेप पुढे ठेवायचा आहे, कारण तो खरा आहे. ‘पोटाला पुरेसं देत नाहीत आणि वर शिकायला सांगतात’ असं ते म्हणतात. वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती हा आमचा दोन पिढ्यांचा लढा आहे आणि तो संपलेला नाही. प्रशिक्षण मिळालं म्हणून ती मागणी एक इंचही मागे जाता कामा नये. प्रशिक्षणाचे तास कामाचे तास धरले जावेत, आणि मोबाइलच्या रिचार्जचा खर्च वेतनेतर अनुदानातून करायला स्पष्ट परवानगी असावी. ‘विनामूल्य’ या शब्दाचा अर्थ मी तरी असाच घेते. शुल्क शून्य ठेवलं आणि रिचार्ज सेवकाच्या खिशातून भरायला लावला, तर ते फुकट झालं नाही. पण पगाराचा प्रश्न सुटेपर्यंत शिकणं थांबवावं, हे मला पटत नाही. पगार वाढायची वाट आम्ही पाहू, पण खिडकीशी बसलेला वाचक तोपर्यंत थांबलेला नसतो.

ऑनलाइनच्या नावाखाली काय नको, तेही सांगायला हवं. मार्च २०२० मध्ये कुलूप लागलं ते आमची ग्रंथालयं उघडली ऑक्टोबरच्या मध्यावर. त्या सात महिन्यांत वेबिनारांचा पूर आला. मी जमतील तेवढे ऐकले. दोन तासांतला पहिला अर्धा तास पाहुण्यांच्या परिचयाचा, मधे ‘आवाज येतोय का?’, आणि शेवटी एका फॉर्मची लिंक. फॉर्म भरला की ई-प्रमाणपत्र. काही जण शेवटच्या पाच मिनिटांतच यायचे. माझ्याकडे अशी सव्वीस प्रमाणपत्रं आहेत. त्यांतल्या दोन-तीन वेळी मी खरंच काहीतरी शिकले, आणि त्या दोन-तीनही वेळी शिकवणारा माणूस स्वतः रोज देवघेवीच्या टेबलावर बसणारा होता. एका ताईंनी आपल्या घरातल्या ओट्यावर वही ठेवून, वाळवी लागलेलं पुस्तक आणि कसर लागलेलं पुस्तक यांतला फरक दाखवला होता. अकरा मिनिटांचा व्हिडिओ. मी तो चार वेळा पाहिला आणि पाचव्यांदा शिपाईमामांना शेजारी बसवून पाहिला.

असं हवं. दहा-पंधरा मिनिटांचे पाठ, एका पाठात एकच काम. नेट नसताना पाहता यावेत म्हणून उतरवून घेता येणारे. सोबत एक पानाची छापता येईल अशी टिपणी. आणि आठवड्यातून एक दिवस, ठरलेल्या तासाला, फोन उचलणारा एक जाणता माणूस. या शेवटच्या गोष्टीला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देते. व्हिडिओ पाहून जे समजत नाही ते विचारायला कुणी नसेल तर लाजेने माणूस ते काम सोडूनच देतो. ग्रंथालयाच्या नोंदी संगणकावर ठेवायची ई-ग्रंथालय ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची प्रणाली ग्रंथालयांना मोफत मिळते, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. नोंदी सुरूही होतात. मग कुठेतरी गाडी अडते, आणि संगणकावर कापड टाकलं जातं.

शिकण्याची साधनं देशात नाहीत असं कुणी म्हणू नये. केंद्राच्या स्वयं या व्यासपीठावर २०१७ पासून अभ्यासक्रम आहेत, ई-पीजी पाठशाळेत ग्रंथालयशास्त्राचे धडे आहेत, इग्नूचा ई-ज्ञानकोश सगळ्यांना खुला आहे. मी त्यांत डोकावले आहे. ते पदव्युत्तर मुलांसाठी लिहिलेलं आहे आणि बहुतांश इंग्रजीत आहे. परदेशातलंही पाहिलं. अमेरिकेतल्या ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेने (आपण वापरतो ते ड्यूई वर्गीकरण आज तीच सांभाळते) २००३ मध्ये वेबजंक्शन सुरू केलं. लहान गावांतल्या ग्रंथपालांना घरी बसून शिकता यावं हा त्यामागचा विचार. लेकीला शेजारी बसवून मी त्यातला लहान मुलांच्या गोष्टीच्या तासाचा धडा समजून घेतला. पुस्तक मुलांकडे धरायचं, हे मला त्या रात्री कळलं. मराठी ग्रंथपालाला एवढीशी गोष्ट कळायला इंग्रजी येणारी मुलगी घरात असावी लागते, याचं मला वाईट वाटलं.

आणि वाईट यासाठीही वाटलं की ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला आणि त्याने १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर मोफत ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. सयाजीराव महाराजांनी नुसती पुस्तकं आणि इमारती दिल्या नाहीत. १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग उघडला. भारतातला तो पहिला. पुढच्याच वर्षी ग्रंथालयांना वाहिलेलं एक त्रैमासिक निघालं, ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं, आणि त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी टपालाने, घरबसल्या, मराठीत ग्रंथालयाचं ज्ञान देण्याची सोय एका मराठी राजाने केली होती. आज टपालापेक्षा वेगवान साधन प्रत्येक शिपाईमामांच्या खिशात आहे.

आता विश्वस्तहो, तुमच्याशी बोलते.

तुमच्यातल्या बहुतेकांनी पदरमोड करून ग्रंथालयं जगवली आहेत. आमची इमारत उभी आहे ती जागा एका विश्वस्तांच्या वडिलांनी दान केलेली. हे मी कधी विसरत नाही, आणि पुढे जे लिहिते आहे ते त्या कृतज्ञतेत राहूनच.

मी बाळंतपणाच्या रजेवर होते त्या काळात आमच्या मंडळाने वाचनकक्ष रंगवायला काढला. रजा संपवून आले तर मागच्या भिंतीची तीन कपाटं रिकामी, पुसून लख्ख, आणि त्यांत संस्थेला मिळालेली सन्मानचिन्हं मांडलेली. तिथे १९५८ पासूनच्या दिवाळी अंकांचे आणि मासिकांचे बांधीव खंड होते. ‘कुणी वाचत नव्हतं, जागा अडली होती,’ असं मला तेव्हाच्या कार्यवाहांनी सांगितलं, आणि रद्दीची पावतीही दाखवली, कारण माणूस प्रामाणिक होता, पैन् पै जमेला धरली होती. मी त्या दुपारी रद्दीवाल्याकडे गेले. तीन खंड मिळाले. त्यातला एक आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याच्या पुठ्ठ्यावर निळ्या खडूने गठ्ठ्याचं वजन लिहिलेलं आहे, नऊ किलो.

त्याच कार्यवाहांनी दुसरीकडे, वीस वर्षांपूर्वीच्या अभ्यासक्रमांची गाईडं आणि मुदत संपलेल्या कायद्यांची पुस्तकं बाद करायला कधी संमती दिली नाही. तपासणीत पुस्तकं कमी दिसली तर वर्ग घसरेल, ही भीती. म्हणजे ठेवायचं ते गेलं आणि घालवायचं ते राहिलं. दोन्हीच्या मुळाशी एकच कारण होतं. कोणतं पुस्तक बाद करायचं, कोणतं जन्मभर सांभाळायचं, ठराव कसा मांडायचा, यादी कशी करायची, हे त्यांना कुणी कधी समजावून सांगितलं नव्हतं. ते शाळेचे मुख्याध्यापक होते. शाळेतलं सगळं त्यांना पाठ होतं. ग्रंथालयाचं काम त्यांच्याकडे सन्मान म्हणून आलं, आणि सन्मान देताना त्याबरोबरचं काम कुणी शिकवत नाही.

दुसरा प्रसंग मला अजून जड जातो. आमचे अध्यक्ष वारले. पुढच्या सभेत नवं मंडळ निवडलं गेलं, पेढे वाटले, इतिवृत्त लिहिलं. सार्वजनिक ग्रंथालय बहुतेक ठिकाणी सोसायटी म्हणून नोंदलेलं असतं आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली न्यासही असतं. म्हणून मंडळात बदल झाला की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. आमच्या मंडळात हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. अनुदानाचा हप्ता खात्यात जमा झाला तेव्हा बँकेने सह्यांच्या बदलासाठी परिशिष्ट १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, उतारा मागितला. त्यावर दिवंगत अध्यक्षांचं आणि जुन्या मंडळाचं नाव. पैसे खात्यात आणि आम्ही चौघं सेवक बिनपगारी, सात महिने. माझ्या मुलीचं तेव्हा बारावीचं वर्ष होतं. मी बचत गटातून कर्ज घेतलं. शिपाईमामा संध्याकाळी एका किराणा दुकानात पुड्या बांधायला जायचे. नव्या अध्यक्षांना हे कळल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, ‘बाई, मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी गेलो असतो.’ खरंच गेले असते. पंधरा मिनिटांच्या एका मराठी पाठाने आमचे ते सात महिने वाचले असते.

विश्वस्तांनी शिकायचं म्हटलं की पुष्कळांना ते कमीपणाचं वाटतं. म्हणून एक उदाहरण देते. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने कायदाच केला. १ जानेवारी २०२३ पासून तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रत्येक विश्वस्ताला दर वर्षी किमान दोन तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि ते पूर्ण केल्याचा दाखला मंडळाच्या अध्यक्षांकडे द्यावा लागतो. ऑनलाइन घेतलेलं चालतं. विषय आपलेच आहेत: हिशेब, विश्वस्ताची जबाबदारी, ग्रंथपालाशी संबंध कसे असावेत. दोन तास म्हणजे आपल्याकडच्या एका वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाइतका वेळ.

जाणत्या विश्वस्तांच्या हातून काय घडतं, त्याचं उदाहरण न्यूझीलंडमधलं. तिथल्या लेविन या लहानशा गावात होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्ट आहे. १९९९ मध्ये त्यांची संगणक प्रणाली वर्ष २००० च्या तारखेला बंद पडणार असं दिसू लागलं. बाजारातली महागडी प्रणाली घ्यायची की आपली बनवून घ्यायची, हे ठरवायचं होतं. त्यांनी आपल्याच देशातल्या एका कंपनीकडून ती बनवून घेतली, २००० च्या जानेवारीत ती चालू झाली, आणि मग त्यांनी ती जगाला मोफत खुली करून टाकली. तिचं नाव कोहा. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आज आपल्याकडची कित्येक विद्यापीठांची आणि महाविद्यालयांची ग्रंथालयं तीच प्रणाली वापरतात. एका तालुक्याएवढ्या गावच्या ग्रंथालय मंडळाने ते केलं. त्यांना आपलं ग्रंथालय कशावर चालतं हे समजत होतं, म्हणून करता आलं.

पुन्हा संचालक महोदयांकडे वळते. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला आणि त्यातून आपलं संचालनालय उभं राहिलं. आज अकरा हजारांच्या आसपास शासनमान्य ग्रंथालयं आपल्या कक्षेत आहेत. एवढ्या ग्रंथालयांतल्या सेवकांना सभागृहात बोलावून शिकवायचं तर एका पिढीचा काळ जाईल. पण शिक्षकांसाठी राज्याने आणि केंद्राने हे करून दाखवलेलं आहे. दीक्षा हे शाळांसाठीचं ऑनलाइन व्यासपीठ २०१७ पासून आहे, त्यावर मराठी पाठ आहेत, निष्ठा हे शिक्षकांचं प्रशिक्षण टाळेबंदीच्या वर्षात तिथूनच झालं. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आयगॉट कर्मयोगी हे ऑनलाइन प्रशिक्षणाचं व्यासपीठ आहे. आमची अडचण अशी की आम्ही शिक्षक नाही आणि सरकारी कर्मचारीही नाही. अनुदानित संस्थेचे सेवक आहोत. त्यामुळे कुठल्याच दारावर आमचं नाव लिहिलेलं नाही. ते दार आपण उघडू शकता. दीक्षावर आमच्यासाठी एक कोपरा मागता येईल. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाला घरबसल्या शिकवण्याचा तीन दशकांहून मोठा अनुभव आहे, त्यांना बरोबर घेता येईल. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान चर्चासत्रांना आणि कार्यशाळांना अर्थसाहाय्य देतं. तोच पैसा पाठ तयार करायला मागता येईल. आणि शिकवायला माणसं हवी असतील तर ती बाहेर शोधू नका. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. अशा ठिकाणी जुनं सांभाळत नवं कसं आणायचं हे रोज करणारी माणसं आहेत. त्यांच्या हातातलं कौशल्य मोबाइलच्या कॅमेऱ्यात धरा.

प्रशिक्षणाला सक्तीची जोड द्यावी का, यावर माझं मत असं की सेवकांना सक्ती नको, विश्वस्तांना हवी. सेवकाला उपयोगाचं मिळालं तर तो आपण होऊन येतो. हे मी माझ्या तालुक्यातल्या चौदा ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप गटावर रोज पाहते. रात्री दहा वाजता कुणीतरी विचारतं, ‘भेट आलेल्या पुस्तकाची किंमत दाखल नोंदवहीत काय लिहायची?’ आणि साडेदहापर्यंत तीन उत्तरं आलेली असतात. कधीकधी तिन्ही वेगळी असतात. तेव्हा मात्र अधिकाराने बोलणारा एक पाठ असता तर बरं झालं असतं असं वाटतं. विश्वस्तांचं तसं नाही. त्यांचा मुख्य व्यवसाय वेगळा असतो, सवड नसते, आणि न शिकल्याचं नुकसान त्यांना स्वतःला होत नाही. म्हणून वार्षिक अहवालात एक रकाना वाढवा: मंडळाच्या किती सदस्यांनी दोन तास पूर्ण केले. एवढंच. अनुदान त्याला लगेच जोडू नका, पहिली तीन वर्षं नुसता रकाना ठेवा. माझा अनुभव सांगतो की आपल्याकडे रिकामा रकाना कार्यवाहांना झोपू देत नाही.

विषयांची यादी मी इथे देत बसत नाही, ती सेवकांना विचारून करावी. मात्र माझ्याकडून पहिला पाठ सुगम्य पुस्तकालयाचा असावा, एवढा हट्ट धरते. सदस्य कसं व्हायचं, कुठली कागदपत्रं लागतात, ज्याला मोबाइल दिसत नाही त्याला पुस्तक कसं लावून द्यायचं. दुसरा बदल अर्जाचा.

आमच्या गटातल्या तिघींनी मिळून दिवाळीच्या सुट्टीत चार पाठ मोबाइलवर तयार केले आहेत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी का लावायची नाही आणि मग काय लावायचं, गोष्टीचा तास, देवघेवीचा महिन्याचा गोषवारा, आणि मुलांना मराठी विश्वकोशात ऑनलाइन शोधायला कसं शिकवायचं. आवाजात मागून रिक्षा ऐकू येतात, उजेडही कमी आहे. पण त्यातलं प्रत्येक काम आम्ही स्वतः करून पाहिलेलं आहे. ते पाठ संचालनालयाला हवे असतील तर कोणत्याही अटीशिवाय देऊ. सुधारून पुन्हा चित्रित करायचे असतील तर आमचं ग्रंथालय दुपारी बारा ते चार रिकामं असतं, आणि मागच्या भिंतीपाशी, जिथे पूर्वी दिवाळी अंकांची कपाटं होती, तिथे उजेड चांगला येतो.

आपली नम्र,
एका ब वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाची ग्रंथपाल